नोकरी सोडली, गावात ‘ऑनलाइन’ टाकलं

उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ नोकरी, ही म्हण आपल्या आजोबांच्या तोंडी होती. वडिलांच्या काळात ती उलटी झाली. दोन एकर विकले तरी चालतील, पण पोरगं कुठेतरी चिकटलं पाहिजे, असे घरोघर बोलले जाऊ लागले. पोरं चिकटलीही. वाळूज, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत कंत्राटदाराच्या हाताखाली उभी राहिली. आता त्यांतलीच काही परत गावाकडे येत आहेत. शेती करायला नव्हे, तर गावातच एक खोली घेऊन संगणक मांडायला. ‘नोकरी सोडली, ऑनलाइन टाकलं,’ असे ती सांगतात.

गावात आता ‘ऑनलाइन’ हे दुकानाचेच नाव झाले आहे. ‘ऑनलाइन उघडं हाय का?’ असे विचारतात, आणि पीठगिरणीवर जाऊन ये म्हणावे तसे ‘ऑनलाइनवर जाऊन ये’ म्हणतात. या दुकानात माल नसतो. असतो तो एक संगणक, छपाईचे यंत्र, अंगठ्याचे मशीन, भिंतीला इन्व्हर्टर आणि बाहेर बाकड्यावर बसलेली माणसे. या धंद्यात पोट भरते का, आणि भरत असेल तर कशाच्या जोरावर, हे पाहावे म्हणून आम्ही जालना जिल्ह्यात अंबड तालुक्यातल्या एका गावी गेलो. तिथल्या केंद्रचालक तरुणाने आपला तीन वर्षांचा हिशेब वहीसकट पुढे ठेवला. नाव छापू नका, एवढीच त्याची अट होती. गावात सारे त्याला आप्पा म्हणतात, आपणही तेच म्हणू.

बारा हजारांतले किती आपले?

आप्पा बारावी झालेला. एमएस-सीआयटी केलेली, मराठी टायपिंग येते. सहा वर्षे तो वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार होता. सगळे कापून हातात १२,२०० रुपये यायचे. खोलीचा वाटा २,०००, खानावळ ३,२००, चहापाणी, मोबाइल आणि जाणे-येणे मिळून १,५००. राहिले ५,५००, ते घरी.

“लोक म्हणायचे, बारा हजाराची नोकरी सोडली. मी म्हणायचो, बारा हजार व्हतेच कुठं? घरी साडेपाच पोचायचे. बाकीचे तिथंच कमवायचे अन् तिथंच खायचे.”

नोकरी सोडायचा विचार करणाऱ्याने सगळ्यात आधी हा हिशेब मांडावा. शहरातला पगार आणि गावातली कमाई सरळ तोलता येत नाही. गावात भाडे वाचते, खानावळ वाचते. म्हणून शहरात हातात किती येते यापेक्षा घरी किती पोचते, तो आकडा धरावा.

पण वहीचे दुसरेही पान असते, ते लोक विसरतात. पगारातून भविष्य निर्वाह निधी कापला जातो, तेव्हा कायद्याने मालकालाही आपला वाटा भरावा लागतो. ईएसआयचे कार्ड असले की कामगाराला आणि घरच्यांना दवाखाना, औषधपाणी मिळते. नोकरी सुटली की मालकाचा वाटा बंद होतो आणि दवाखान्याचा आधारही जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मोठ्या आजारासाठी दवाखान्यात भरती झाल्यावर मदत मिळते, पण रोजच्या तापाची, साखरेची, रक्तदाबाची गोळी खिशातूनच आणावी लागते. आप्पाच्या आईला रक्तदाब आहे. नोकरी सोडल्यावर तिच्या गोळ्या हा घरात नवा खर्च उभा राहिला. हा खर्च आधी धरला नव्हता, हे तो मोकळेपणी कबूल करतो.

एकदम उडी मारली नाही

आप्पाने नोकरी सोडली ती मे २०२३ मध्ये. त्याआधी वर्षभर तो सुट्टीच्या दिवशी तालुक्याच्या गावी एका केंद्रावर फुकट बसला. अर्ज भरायला शिकला, कोणत्या दाखल्याला कोणते कागद लागतात ते वहीत लिहून घेतले. उत्पन्नाच्या दाखल्यावर लोक कुठे अडतात, सातबाऱ्यावरचे आणि आधारवरचे नाव जुळत नसेल तर काय करायचे, हे सारे त्याला तिथे कळले.

“कंपनीत मशीन बिघडलं तर मेंटेनन्सवाला यायचा. हितं मशीन बी मीच अन् मेंटेनन्सवाला बी मीच,” तो हसून म्हणाला.

ही केंद्रे कुठून आली हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. सरकारी सेवा गावातच मिळाव्यात म्हणून सामायिक सेवा केंद्रांची, म्हणजे सीएससीची योजना केंद्र सरकारने २००६ साली मंजूर केली. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीत संगणक बसवण्याचा संग्राम प्रकल्प २०११ साली आला. पुढे आपले सरकार सेवा केंद्रे आली. ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालकांनी तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे काम केले आणि मानधनासाठी मोर्चेही काढले. खासगी केंद्र चालवणारा मात्र कुणाचा नोकर नसतो. त्याला पगार नाही. जेवढे काम तेवढाच दाम.

सीएससी घ्यायची तर टीईसी नावाचा अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्र मिळवावे लागते, मग नोंदणी होते. आपले सरकार सेवा केंद्रासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाची जाहिरात निघते, तिच्यावर लक्ष ठेवून अर्ज करावा लागतो. ‘आयडी काढून देतो’ म्हणून हजारो रुपये उकळणारे दलाल जागोजागी आहेत. त्यांच्या नादी लागू नये. दुसऱ्याच्या आयडीवरही काम करू नये. काही गैर घडले तर आयडी ज्याची तो अडकतो, आणि काम करणाऱ्याच्या हाती काहीच राहत नाही.

खोलीची डागडुजी, संगणक, छपाई यंत्र, इन्व्हर्टर, अंगठ्याचे मशीन आणि फर्निचर मिळून आप्पाला ६८ हजार लागले. २८ हजार त्याच्या गाठीचे होते. ४० हजार बायकोने बचत गटातून उचलले. महिना अडीच हजारांचा हप्ता बसला.

सात तारीख

पहिला हंगाम जोरात गेला. जूनमध्ये शाळा-कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस. उत्पन्न, जात, रहिवासी, नॉन-क्रिमिलेयर अशा दाखल्यांसाठी रांग लागली. त्याच वर्षी, म्हणजे २०२३ च्या खरिपात, राज्याने एक रुपयात पीक विमा आणला. विम्याच्या अर्जामागे विमा कंपनीकडून केंद्रचालकाला ४० रुपये मिळतात. आप्पाने साडेचारशे अर्ज भरले. हिशेबाने १८ हजार झाले. पण हे पैसे रोज गल्ल्यात पडत नाहीत, मागाहून खात्यावर येतात. कागद, शाई आणि विजेचे बिल मात्र आजच्या आज द्यावे लागते.

मग सप्टेंबर आला. बाकडे रिकामे. त्या महिन्याची जमा ६,३०० रुपये. वीज, नेट, कागद, शाई २,१००. बचत गटाचा हप्ता २,५००. राहिले १,७००. ऑक्टोबरही तसाच.

आप्पाची बायको त्याच दिवसांतली आठवण सांगते. “मी ह्यांना म्हणलं, कंपनीचा पगार सात तारखेला यायचा. तुमच्या ऑनलाइनची सात तारीख कधी असती, ते तरी सांगा. किराणावाला थांबंल, पण गटातल्या बायका थांबत नाहीत.”

आप्पाने त्या रात्री जुन्या कंत्राटदाराला फोन लावला. दिवाळीनंतर ये, जागा आहे, असे उत्तर आले. गेला असता तर गोष्ट तिथेच संपली असती, आणि गावाने ‘आम्ही म्हणलं व्हतं’ असे ऐकवले असते. पण दिवाळीच्या तोंडावर विम्याचे पैसे खात्यावर आले. हप्ते फिटले. नोव्हेंबरात पेन्शनवाले हयातीचा दाखला द्यायला आले, त्यापाठोपाठ रब्बीचा विमा सुरू झाला. गाडी पुन्हा रुळावर आली.

तेव्हा त्याच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ती कोणत्याही शेतकऱ्याला चटकन पटेल. हा धंदा पगारासारखा महिन्याचा नाही. तो पिकासारखा हंगामाचा आहे. सोयाबीनचा पैसा आला म्हणून कुणी शहाणा शेतकरी तो दिवाळीत उडवत नाही. बियाणे, खत, पुढचे आठ महिने, सारे त्यातूनच काढायचे असते. आप्पा शेतकऱ्याचा मुलगा, पण सहा वर्षे पगार घेता घेता हे विसरला होता.

एक गट नंबर

२०२४ च्या जुलैमध्ये तर श्वास घ्यायला फुरसत नव्हती. एकीकडे पीक विमा, दुसरीकडे लाडकी बहीण योजनेसाठी कागद काढायला आलेल्या बायांची गर्दी. सर्व्हर दिवसा चालेना म्हणून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत अर्ज भरले. अशाच एका रात्री शेजारच्या वस्तीवरच्या एका शेतकऱ्याच्या अर्जात गट नंबर चुकला. सातबारा समोर होता, पण डोळ्यांवर झोप होती. अर्ज पुढे बाद झाला. त्या शेतकऱ्याचे सोयाबीन पाण्यात गेले, आणि विम्याच्या यादीत त्याचे नाव नव्हते.

“तात्या भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणले, आप्पा, मी तुह्या भरवशावर व्हतो रे.”

आप्पा दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेला. भरपाई देण्याएवढी ऐपत नव्हती. पुढच्या पेरणीच्या बियाण्याला जमेल तेवढे पैसे त्याने दिले, तेही तीन वेळा नको-नको झाल्यावर त्यांनी घेतले. तेव्हापासून त्याच्या केंद्रात एक नियम आहे. अर्ज पाठवण्याआधी तो मोठ्याने वाचायचा. नाव, गट नंबर, क्षेत्र, पीक, बँक खात्याचे शेवटचे चार आकडे. शेतकऱ्याने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय कळ दाबायची नाही. मग पावती छापून हातात द्यायची. मागे रांग कितीही लांब असो.

कारखान्यात चूक झाली तर सुपरवायझर ओरडतो, माल बाजूला पडतो, संध्याकाळी माणूस खोलीवर येऊन झोपतो. गावात स्वतःचा धंदा करणाऱ्याची चूक रोज रस्त्यात समोर येते. ती निस्तरायची तयारी नसेल तर नोकरी सोडू नये.

वाकडी वाट

याच हंगामात एक जण रात्री मोटारसायकलवर आला. आठ-दहा सातबारे त्याच्या हातात. जमीन दुसऱ्याची, खाते तिसऱ्याचे. विमा भरून दे, अर्जामागे वर हजार रुपये देतो, म्हणाला. आप्पाने नकार दिला. भीती वाटली म्हणूनच नकार दिला, मोठेपणा काही नाही, असे तो सांगतो. पुढे त्याच वर्षी राज्यात विम्याचे बोगस अर्ज उघडकीस आले आणि काही केंद्रचालकांवर कारवाई झाली, तेव्हा ती भीती किती कामाची होती ते कळले.

दुसरी वाकडी वाट लहान आहे, म्हणून जास्त धोक्याची. शेतकऱ्याला दर माहीत नसतो. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याचे सरकारी शुल्क १५ रुपये, पण कुणी पन्नास मागितले तर माणूस पन्नास देतो. पीक विम्याच्या अर्जाचे पैसे कंपनी देते. शेतकऱ्याने फक्त विमा हप्ता भरायचा, तरी शंभर-दोनशे घेणारे निघतातच. आप्पाने दाराशीच दरफलक लावला आहे. त्यामुळे शेजारच्या गावातले दोन केंद्रचालक त्याच्यावर नाराज झाले. पण त्याच गावांतली माणसे आता त्याच्याकडे येतात.

महिन्यातून एकदा निराधार योजनेच्या म्हाताऱ्या पैसे काढायला येतात. आयुष्यभर खुरपणी-कापणी केलेल्या हातांचे ठसे झिजलेले असतात, मशीनवर अंगठा उमटत नाही. ‘पुन्हा दाब, पुन्हा दाब’ करत चार वेळा अंगठा घेणारा चालक किती वेळा पैसे काढतो, हे त्या बिचारीला कळत नाही. म्हणून प्रत्येक अंगठ्यानंतर काय झाले ते सांगायचे, किती निघाले आणि किती शिल्लक ते मोठ्याने बोलायचे आणि चिठ्ठी द्यायची, अशी त्याची रीत आहे.

एका पिकावर भिस्त नको

२०२५ च्या खरिपात एक रुपयाचा विमा बंद झाला. शेतकऱ्याला पुन्हा खरिपासाठी २ टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी ५ टक्के हप्ता आला. अर्ज एकदम घटले. आप्पाकडे साडेचारशेचे १७० झाले. १८ हजारांचे ६,८०० झाले. मुंबईत एक निर्णय झाला आणि गावातल्या एका घराचे जुलैचे पीक अर्ध्याहून खाली आले.

दुसरी गोष्ट आणखी खोल आहे. ई-पीक पाहणी २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर करायची आहे. सातबारा मोबाइलवर निघतो. दहावीतली पोर बापाचा अर्ज घरी भरते. म्हणजे केंद्रचालकाचे आजचे काम उद्या लोकांच्या खिशात जाणार. ते जावे, ही तर सरकारचीच इच्छा आहे, आणि त्यात शेतकऱ्याचा फायदा आहे.

आप्पाने हे ओळखून आंतरपीक घेतले. परीक्षा देऊन बँकेचे व्यवहार सुरू केले. सहा बचत गटांचे हिशेब तो महिन्याच्या ठरावीक रकमेवर लिहितो. एका शेतकरी उत्पादक कंपनीची बिले आणि पत्रव्यवहार त्याच्याकडे आहे. लग्नपत्रिका, कृषी दुकानांची बिलबुके, बोअर-मोटारीच्या जाहिराती असले छपाईचे काम संगणकावर मांडून तो जालन्याहून छापून आणतो. एकेक काम लहान आहे, पण कोणत्याही एका सरकारी योजनेवर ते अवलंबून नाही.

नोकरी सोडण्याआधी

आप्पाच्या वहीवरून काढलेल्या काही गोष्टी अशा:

१. नोकरी असतानाच सुट्टीच्या दिवशी ते काम करून पाहावे. एक पूर्ण वर्ष, म्हणजे चारही हंगाम, डोळ्यांखालून जाऊ द्यावे.

२. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय राजीनामा देऊ नये. यंत्रासाठी काढलेले कर्ज या रकमेत धरू नये.

३. जमा आणि शिल्लक या दोन वेगळ्या वह्या ठेवाव्यात. गल्ल्यातले सगळे पैसे आपले नसतात. त्यात विम्याचा हप्ता असतो, सरकारचे शुल्क असते.

४. भविष्य निर्वाह निधीचे पैसे दुकानाच्या फर्निचरला मोडू नयेत. अपघात विमा, जीवन विमा स्वतःचा स्वतः काढावा. बँकेतली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांची आहे. ती लोकांची भरून देणारे कित्येक चालक स्वतःची भरत नाहीत.

५. घरातल्या माणसांना, विशेषतः जिच्या नावावर गटाचे कर्ज आहे तिला, खरा आकडा दर महिन्याला सांगावा.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनाही दोन शब्द. ग्रामसेवक म्हणा, आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात ते, आणि तलाठी, सरपंच, या सर्वांनी या पोराला दलाल समजू नये. तुमच्या कार्यालयाची अर्धी गर्दी तो आपल्या बाकड्यावर घेतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणे त्याने बंधनकारक केले, अपिलाची सोय केली, आणि कसूर झाल्यास ५०० ते ५,००० रुपये दंड ठेवला. तरी दाखला अडला की शिव्या बसतात त्या केंद्रचालकाला. कार्यालयात सेवांची मुदत आणि शुल्काचा फलक ठळक लावला, अर्जात त्रुटी असेल तर ती लगेच कळवली, तर चालकाचे काम सोपे होते आणि शेतकऱ्याचा हेलपाटा वाचतो. त्याचबरोबर जो जादा पैसे घेतो, पावती देत नाही, त्याची तक्रार ग्रामसभेत व्हायलाच हवी. एकाला पाठीशी घातले की सचोटीने काम करणारा उठतो आणि परत वाळूजला जातो.

निघताना आम्ही आप्पाला सरळ विचारले, परवडले का? त्याने वही मिटली आणि कपाटातून एक पासबुक काढले. दुकानाचे खाते वेगळे केले आहे, त्याचे. चांगल्या महिन्याची कमाई सारी त्या खात्यात राहते. त्यातून दर महिन्याला बायकोच्या खात्यावर ठरलेले ९,००० रुपये जातात. जुलै असो की सप्टेंबर, कमी नाही आणि जास्त नाही.

“साडेपाचचे नऊ झाले, एवढंच. लई मोठा झालो असं नाही. मागच्या सप्टेंबरात बी नऊच गेले, हे महत्त्वाचं.”

पासबुकात आम्ही तारखा पाहिल्या. प्रत्येक महिन्याची सात होती.